‘इतर’ रकान्यातला कुपा

मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
आणि केंद्रीय मत्स्यव्यवसाय विभागातले संबंधित अधिकारी यांना,

स. न. वि. वि.

मी मालवणच्या बाजारात मासे विकते. सासूबाईंनी जागा दिली, सुरी दिली आणि ‘गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, पण सगळं खरंही सांगत बसायचं नाही’ हा सल्ला दिला. या पत्रात त्यांच्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग मी पाळणार नाही.

माझे यजमान गरीवर जातात, म्हणजे गळ आणि दोरीनं मासे धरतात. छोटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड मशीन, बरोबर एक भाचा. सुरमई, कुपा, तांबोसा, नशीब असेल तर मोडोसा. जाळं नाही. आमच्या वाडीत आता गरीवर जाणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

गेल्या पावसाळ्याआधी एका कार्यालयातून दोन मुलगे होड्यांची माहिती भरायला आले होते. नम्र मुलं, चहा घेतला. होडीची लांबी विचारली, मशीन किती अश्वशक्तीचं ते विचारलं, मग विचारलं, ‘‘जाळ्याचा प्रकार?’’ यजमान म्हणाले, ‘‘जाळां नाय. गरी.’’ मुलानं टॅबवर बोट वरखाली केलं, पुन्हा केलं आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्हाला ‘इतर’मध्ये टाकतो.’’

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. हे पत्र त्या मुलाविरुद्ध नाही. त्याला जो रकाना दिला नव्हता, तो त्यानं कुठून आणायचा?

आता टुनाविषयी. 2025 च्या अर्थसंकल्पात खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपवर भर देऊन, शाश्वत चौकट आणू असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं नियमही काढले. 12 सागरी मैलांच्या पलीकडे, 200 मैलांपर्यंतच्या पाण्यात यांत्रिक नौकांना परवाना-पास, सहकारी संस्थांना प्राधान्य, मासे ओढून घेणाऱ्या एलईडी दिव्यांवरची आणि दोन नौकांनी जोडीनं ओढायच्या ट्रॉल जाळ्याची मासेमारी बंद. वाचून बरं वाटलं. सगळीकडे टुना, टुना. पण तो टुना कशानं पकडायचा, यावर मी शोधत राहिले. आणि तो बंदरावर आल्यावर कशानं पकडला हे कोण लिहून ठेवणार, यावर तर काहीच सापडलं नाही.

टुना म्हणजे आमचा कुपा. काही जण गेदर म्हणतात. किनाऱ्याजवळ मिळतो तो लहान जातीचा. पिवळ्या परांचा मोठा टुना बाहेर, खोल पाण्यात. पण अंगाची घडण सगळ्यांची एकच, आणि सगळं दुखणं त्या घडणीतच आहे. कुप्याला थांबून श्वास घेता येत नाही. तोंड उघडं ठेवून पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी जातं. थांबला की गुदमरला. शिवाय त्याचं अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असतं. पापलेट मेलं तर थंडच असतं. कुपा धडपडून मेला तर तापलेला असतो.

आता गिलनेटचा, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या तरंगणाऱ्या जाळ्याचा विचार करा. जाळं संध्याकाळी सोडलं, पहाटे ओढलं. कुपा रात्री दहाला अडकला असेल तर दहा-वीस मिनिटं झटापट करून मेला आणि पुढचे सहा तास कोमट पाण्यात, जाळ्यातच लटकत राहिला. वर आला तेव्हा डोळे लाल, कल्ल्यांमागे जाळ्याचा वळ. पोट चिरलं की कण्याजवळचं मांस करपल्यासारखं तपकिरी, बोट लावलं तर दबलेलं तसंच राहतं.

गरीचा कुपा एकेक वर येतो. यजमान त्याच्या डोक्यावर एक ठोका घालतात, परामागे चीर देऊन रक्त काढतात आणि बर्फ-पाण्याच्या पिंपात सोडतात. सगळं मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत. माझ्या पाटीवर येतो तेव्हा तो लाकडासारखा ताठ असतो. जबड्यात गळाचं एक भोक, बाकी अंगावर ओरखडा नाही. कापला की मांस जांभळट लाल, तुकडा आपापला उभा राहतो.

हा फरक मी डोळे मिटून, फक्त सुरीच्या आवाजावरून सांगू शकते. पण लिलावात दोघांचा पुकारा एकच. मागच्या हंगामात एके दिवशी दोन्ही किलोला 120 रुपयांनी गेले. त्या दिवशी यजमानांनी बर्फाच्या दोन लाद्या घेतल्या होत्या, त्यांचे पैसे वेगळे. घरी येऊन म्हणाले, ‘‘बर्फ घालून माका किलोमागे काय जास्ती मेळतला?’’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

आमच्या कोकणात झेल्यानं उतरवलेला आंबा आणि खाली पडलेला आंबा एका पेटीत कोणी भरत नाही. भरला तर वाशीचा व्यापारी पेटी परत पाठवेल. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारनं मासेमारीला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला, आम्ही पेढे वाटले. मग आंब्याला जी अक्कल लावतो ती कुप्याला का नाही?

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून आलेला कुपा विकला. दिसायला बरा होता, वास नव्हता. दुपारी एक ओळखीच्या बाई परत आल्या. तोंड लाल, मानेवर गांधी, डोकं ठणकतंय. त्यांच्या मुलालाही तसंच. त्यांना वाटलं ॲलर्जी. डॉक्टर म्हणाले, मासा तापला होता. तेव्हा मला कळलं की कुपा, बांगडा अशा लाल मांसाच्या माशांत, बर्फ वेळेवर मिळाला नाही तर जंतू हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते वासावरून ओळखता येत नाही आणि शिजवून, तळून, आंबट तिखट घालूनही जात नाही. त्या बाई आजही माझ्याकडून सुरमई घेतात, कुपा घेत नाहीत. आणि मी त्यांना ‘तो जाळ्यातला होता की गरीचा’ हे सांगू शकले नाही, कारण व्यापाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. पावतीवर फक्त वजन होतं.

गिलनेटवाल्यांवर मी हे पत्र लिहीत नाही. ते माझे शेजारी आहेत, आम्ही एकाच विहिरीचं पाणी पितो. एका शेजाऱ्यानं जाळं कापून कासव सोडलं होतं. 2018 अखेरीस राज्यानं सुरू केलेल्या योजनेतून अशा जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत मिळतात, आणि त्याला मिळालेही. ही योजना चांगली आहे, तिचं श्रेय तुमचं. पण ती योजनाच सांगते की तुम्हाला ठाऊक आहे, तरंगतं जाळं कुपा आणि कासव वेगळं करत नाही. संशोधकांचा अंदाज आहे की 1950 ते 2018 या काळात हिंदी महासागरात टुनाच्या गिलनेटमध्ये सुमारे 41 लाख डॉल्फिन आणि तत्सम छोटे सस्तन प्राणी अडकले. हिंदी महासागर टुना आयोगानं अडीच किलोमीटरपेक्षा लांब वाहती जाळी 1 जानेवारी 2022 पासून आपल्या संपूर्ण क्षेत्रात, म्हणजे देशांच्या हद्दीतल्या पाण्यातही, बंद करण्याचा ठराव केला. भारत त्या आयोगाचा सदस्य आहे. आमच्या बंदरावर जाळ्याची लांबी मोजायला कोणी आलेलं मी पाहिलेलं नाही. आणि मोजायला आले तरी त्या शेजाऱ्यानं उद्या काय लावून जायचं, हे सांगायलाही कोणीतरी यायला हवं.

पर्ससीनचं दुखणं वेगळं. तो मासा लटकत नाही, वेढला जातो. थवा दिसला की भोवती जाळ्याची भिंत, खालून कड्यांतला दोर आवळला की पिशवी बंद. थवा मोठा असो वा लहान, पिल्लं असोत वा गाभोळी भरलेल्या माद्या, सगळं वर. आपल्याकडच्या पर्ससीन बोटींत ते टनावारी एकमेकांवर पडतं. वरचा थर बर्फात, खालचा खालीच चेपतो. परदेशी मोठी जहाजं तर समुद्रात तराफे तरंगत सोडतात. त्यांच्या सावलीला टुना जमतो, आणि त्यात पिवळ्या परांच्या टुनाची अजून न वाढलेली पिल्लं मोठ्या संख्येनं सापडतात. जगातला जवळजवळ दोन तृतीयांश टुना आज पर्ससीननं पकडला जातो, म्हणून कोणी म्हणेल की बाई, जग चुकलं आणि तुम्ही बरोबर? माझं म्हणणं इतकंच की निदान आमचं जे आहे ते तरी मोजा.

पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 ला राज्यानं पर्ससीनवर आदेश काढला. परवाने टप्प्याटप्प्यानं 182 वर आणायचे, राज्याच्या पाण्यात फक्त सप्टेंबर ते डिसेंबर. एलईडीवर केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्येच बंदी घातली. 2025 च्या जानेवारीत किनाऱ्यावर ड्रोन फिरायला लागले, फोटो छापून आले. तरी जानेवारी-फेब्रुवारीतल्या अंधाऱ्या रात्री आमच्या घरामागच्या टेकडीवर उभं राहिलं की समुद्रात दिवाळी दिसते. माझी नात विचारते, ‘‘आजी, तिकडे कुठलं गाव?’’ सकाळी यजमान रिकामे येतात आणि म्हणतात, खालचं पाणी झाडून नेलेलं आहे.

कायदा नाही म्हणून मी रडत नाही. तारखा वर दिल्यात, कायदा केव्हाचा आहे.

गरीनं टुना पकडायचा धंदा चालतो का, असा प्रश्न येईल. लांब जायला नको. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या काठीनं टुना धरतात. आधी खाडीसारख्या आतल्या उथळ पाण्यातून जिवंत बारीक मासे धरायचे, ते होडीच्या टाकीत जिवंत ठेवायचे. थवा दिसला की ते भिरकावायचे आणि वरून पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे टुनाला वाटतं भक्ष्य उसळतंय. गळाला उलटा काटा नसतो. मासा चावला की झटक्यात काठी मागे, मासा होडीत, गळ आपोआप सुटतो, काठी पुन्हा पाण्यात. शेजारच्या मालदीवमध्ये हीच पद्धत देशाचा मुख्य धंदा आहे. त्यांच्या काठीनं धरलेल्या टुनाला 2012 मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, आणि युरोपातल्या दुकानांत डब्यावर ‘काठी आणि दोरीनं पकडलेला’ असं छापलेलं असतं. मासा तोच आहे. जो वाढीव भाव मिळतो तो त्या ओळीला, आणि ती ओळ छापता येते कारण प्रत्येक होडीची नोंद आहे.

आणि बाजारपेठ रुसली की काय होतं तेही आपण पाहिलंय. ट्रॉलच्या जाळ्यात कासवाला सुटायला वाट ठेवली जात नाही म्हणून 2019 पासून अमेरिका भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेत नाही. एका खिडकीएवढ्या वाटेसाठी एवढी मोठी बाजारपेठ बंद झाली.

गळ म्हणजे पुण्य, असंही मी म्हणत नाही. लांब दोरीला हजार गळ लावून सोडले तर कासवंही लागतात, मोरी म्हणजे शार्कही लागतो. त्यासाठी वाटोळे वळलेले गळ असतात, ज्यांत कासवं बरीच कमी अडकतात. लक्षद्वीपची पद्धत मालवणात जशीच्या तशी आणता येणार नाही, कारण तिथलं आमिष प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यात मिळतं आणि तिथंही ते पुरेनासं होतंय. इथं जे चालतं ते म्हणजे होडीमागे आमिष ओढणं आणि हातदोरी. त्यातून घाऊक मासा कधीच येणार नाही. म्हणूनच आलेल्या प्रत्येक माशाला पुरता भाव मिळायला हवा, नाहीतर माझा भाचा पुढच्या वर्षी पर्ससीनवर खलाशी म्हणून जाईल. त्यानं तसं बोलूनही दाखवलंय. मी त्याला अडवणार कशाच्या जोरावर?

आमचं मागणं आता सरळ लिहिते.

पहिलं, ‘इतर’ काढा. होडीच्या नोंदणीत, बंदरावरच्या मासळीच्या नोंदीत आणि लिलावाच्या पावतीवर ‘गरी / हातदोरी’ असा वेगळा रकाना द्या. त्याबरोबर मासा कधी पकडला ती वेळ. याला पैसे लागत नाहीत, एक ओळ लागते. गिलनेट, पर्ससीन, ट्रॉल यांचंही त्याच पावतीवर लिहा. मग भाव बाजार ठरवेल. तुम्ही भाव ठरवा असं मी म्हणतच नाही.

दुसरं, बर्फ. छोट्या होडीत बसेल अशी उष्णतारोधक पेटी अनुदानावर द्या. ती मागायला गेलं की ‘तुमची नौका या योजनेत बसत नाही’ हे ऐकून आम्ही कंटाळलो. आपल्या हवेत एक किलो माशाला एक किलो बर्फ लागतो, हे तुमच्याच प्रशिक्षणात शिकवतात. शिकवलंत, आता पेटी द्या.

तिसरं, प्रत्येक मोठ्या बंदरावर कुप्याची हिस्टामिन तपासणी करा आणि निकाल बाजारात फळ्यावर लावा. यात माझा मासा नापास झाला तर माझंही नाव लावा.

चौथं, एलईडी आणि बेकायदा पर्ससीनवर दर महिन्याला काय कारवाई झाली ते जाहीर करा. किती नौका पकडल्या, किती दंड वसूल झाला, कोणती नौका दुसऱ्यांदा सापडली. ड्रोनचे फोटो पाहून झाले.

पाचवं, टुनाच्या नावानं सरकारी पैशातून जी नवी नौका येईल, ती गळाची असावी, गोल गळ सक्तीचे असावेत, आणि तिच्या तांडेलाला मासा मारणं, रक्त काढणं, बर्फात घालणं हे शिकवल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये. तमिळनाडूत 2017 मध्ये पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या ट्रॉलवाल्यांना 80 लाखांची एकेक खोल समुद्रातली नौका देण्याची योजना निघाली, 70 टक्के अनुदानाची. 2,000 नौकांचं लक्ष्य होतं, त्याच्या जवळपासही पोचली नाही. नुसती नौका देऊन धंदा बदलत नाही. माणसाला ते काम यावं लागतं आणि माशाला गिऱ्हाईक लागतं. इथं गिलनेट सोडून गरीकडे यायला तयार असणाऱ्यांना पहिल्या दोन हंगामांची तूट भरून देण्याचा विचार करा, तो कदाचित 80 लाखांपेक्षा स्वस्त पडेल.

शेवटचं, या सगळ्याच्या बैठका होतील तेव्हा मासे विकणाऱ्या बायकांपैकी दोघींना बोलवा. 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची, पकडायची किमान लांबी ठरवलीत, फार चांगलं केलंत. पण लहान मासा माझ्या पाटीवर येतो तेव्हा तो आधीच मेलेला असतो. पट्टी घेऊन तुम्ही माझ्याकडे येता, आणि तो ज्या जाळ्यात मेला ते जाळं बंदरावर वाळत पडलेलं असतं.

तुमच्यापैकी कोणी यायचं ठरवलं तर सोमवारी किंवा गुरुवारी या. त्या दिवशी गिऱ्हाईक कमी असतं, बोलायला सवड मिळते. सकाळी साडेसहाच्या आत पोचा, म्हणजे दोन्ही तऱ्हेचे कुपे एकाच वेळी बघायला मिळतील. कापून दाखवीन, पैसे घेणार नाही.

कळावे,

मालवणच्या बाजारात मासे विकणारी,
गरीवाल्याच्या घरातली एक बाई